गाल नव्हे, आधी हिरडी पाहायला शिकवा

पत्राचा सारांश : पत्रलेखिका व्यवसायाने दंतवैद्य आहेत. महाराष्ट्रातून जाऊन त्या सध्या वायव्य नायजेरियात एका मदतसंस्थेसाठी काम करीत आहेत. नोमा या आजारात कुपोषित लहान मुलांच्या हिरडीत सुरू झालेला संसर्ग थोड्याच दिवसांत गाल, ओठ, नाक आणि जबड्याचे हाड सडवून टाकतो. हा आजार वेळेत ओळखता यावा म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रांतील कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देण्याची जबाबदारी त्यांच्यावर आहे. एका दिवसाच्या वर्गात त्या मोठ्या तुकडीला छायाचित्रे दाखवून आजाराचे सगळे टप्पे शिकवतात आणि अखेरच्या चाचणीत कर्मचाऱ्यांना गुणही चांगले मिळतात. तरीही या केंद्रांकडून रुग्णालयात येतात ती गालाला भोक पडलेली मुलेच. एका वर्गात एका कर्मचाऱ्याने विचारले, ‘मी लवकर ओळखले तरी त्या मुलाला देऊ काय? माझ्याकडे औषध नाही आणि रुग्णालय दिवसभराच्या वाटेवर आहे.’ पत्रलेखिकेला उत्तर देता आले नाही. अज्ञान आणि अंधश्रद्धा इतकी खोल असताना या प्रशिक्षणाला अर्थ आहे का, सहकाऱ्यांचा विरोध असताना पारंपरिक उपचारकांना वर्गात बोलवावे का, आणि हे सगळे सोडून शस्त्रक्रियेच्या पथकात जाणे अधिक उपयोगाचे ठरेल का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

डॉक्टर, सप्रेम नमस्कार.

तुमच्या तीन प्रश्नांपेक्षा त्या कर्मचाऱ्याने विचारलेला प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटला, कारण तुमच्या बहुतेक शंकांची उत्तरे त्याच्या त्या प्रश्नातच आहेत. आजार ओळखला तर पुढे काय करायचे, हे ज्याला विचारावेसे वाटते त्या माणसाला अज्ञानी म्हणता येणार नाही. त्याने तुमचा वर्ग नीट ऐकला होता, आणि ऐकलेले आपल्या केंद्रातल्या रिकाम्या कपाटाशी ताडून पाहिले होते. म्हणून अज्ञान आणि अंधश्रद्धा या तुमच्या गृहीतकाकडे आपण आधी पाहू, आणि त्यासाठी तुमच्या वर्गातल्या छायाचित्रांपासून सुरुवात करू.

तुम्ही वर्णन केलेली बहुतेक छायाचित्रे मांस सडल्यानंतरची आहेत. ती पाहून आजाराचे गांभीर्य मनावर ठसते हे खरे, परंतु त्याबरोबरच नोमा म्हणजे गालाला पडलेले भोक अशी एक चुकीची खूणही मनात पक्की बसते. जागतिक आरोग्य संघटनेने या आजाराची जी टप्प्यांची मांडणी केली आहे ती तुम्हाला ठाऊक आहे. साध्या हिरडीच्या सुजेला त्यात धोक्याची सूचना मानले आहे. त्यानंतर हिरडीचे तीव्र सडणे, मग चेहऱ्यावरची सूज, मग गँगरीन, मग व्रण भरून येणे आणि शेवटी कायमचे व्यंग. हिरडी सडू लागल्यापासून गालाला भोक पडेपर्यंतचा काळ मोजका असतो आणि सूज आल्यानंतर तर हाती काही दिवसच राहतात. उपचार मिळाले नाहीत तर दहांतील नऊ मुले दगावू शकतात. हिरडीच्या टप्प्यावर मात्र साध्या आणि स्वस्त उपचारांनी मूल पूर्ण बरे होते, चेहऱ्यावर कोणतीही खूण न राहता. म्हणजे तुमच्या पडद्यावर जो आठवडा सर्वांत ठळक दिसतो, त्या आठवड्यात गावातल्या कर्मचाऱ्याच्या हातून होण्यासारखे फारच थोडे उरलेले असते.

याला दुसरी बाजूही आहे. वायव्य नायजेरियातील सोकोतो आणि केब्बी या दोन राज्यांत २०१८ मध्ये सात हजारांहून अधिक मुलांची घरोघरी जाऊन तोंडतपासणी करण्यात आली होती. शंभरात साधारण तीन मुलांच्या हिरड्या साध्या सुजलेल्या आढळल्या, हिरडीच्या तीव्र सडण्याची आणि चेहऱ्यावरच्या सुजेची अगदी मोजकी मुले सापडली आणि गँगरीनच्या टप्प्यातले एकही मूल सापडले नाही. या आकड्यांवरून आजार नाही असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल, कारण हे मूल त्या अवस्थेत फार दिवस राहतच नाही. ते रुग्णालयात पोहोचते, किंवा बहुतेकदा घरीच दगावते आणि कोणत्याही नोंदवहीत येत नाही. तुमच्या कामासाठी यातून निघणारा धडा मात्र स्पष्ट आहे. तुमच्या वर्गात बसलेल्या बहुतेकांना काळा पडलेला गाल सबंध नोकरीत एकदाही दिसणार नाही, सुजलेली आणि रक्ताळलेली हिरडी मात्र त्यांनी पाहायचे ठरवले तर पुन्हा पुन्हा दिसेल. क्वचित दिसणारी गोष्ट वर्गात कितीही चांगली शिकवली तरी वर्षभरात विसरली जाते. रोज हाताखालून जाणारी गोष्ट लक्षात राहते.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की, तुम्ही नोमा शिकवण्याऐवजी तोंड पाहण्याची सवय शिकवावी. तुमच्या प्रशिक्षणार्थींपैकी अनेकजण कुपोषणाच्या तपासणीत दंडघेराची, म्हणजे दंडाचा घेर मोजायची, पट्टी वापरतातच. सहा महिने ते पाच वर्षांच्या ज्या मुलाचा दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरतो, त्याचा वरचा आणि खालचा ओठ उचलून हिरड्या पाहायच्या, एवढी एकच कृती त्या पट्टीला जोडून द्या. गोवर होऊन गेलेले, हिवतापातून नुकतेच उठलेले किंवा एचआयव्हीबाधित मूल समोर आले तरी हेच करायचे. हिरडीला हात न लावता रक्त येते का, दोन दातांमधले हिरडीचे टोक झिजून खड्डा पडला आहे का, तोंडाला नेहमीपेक्षा वेगळी दुर्गंधी आहे का, लाळ गळते का, मूल खायला नाकारते का, हे पाच प्रश्न त्यांच्या तोंडी बसले की दिवसभराच्या व्याख्यानाचे सार त्यांच्यापाशी आले असे समजावे. यांच्या जोडीला एकच कडक नियम पुरे : हिरडी दुखत असलेल्या मुलाच्या गालावर किंवा ओठावर सूज दिसली, तर उद्या बघू असे म्हणायचे नाही, उपचार त्याच दिवशी सुरू करायचे आणि मुलाला त्याच दिवशी रुग्णालयात पाठवायचे.

एक बारकावा इथे सुचवावासा वाटतो. नोमा दोन ते सहा या वयात अधिक आढळतो, आणि पोषणाच्या बहुतेक योजना पाचव्या वर्षापाशी थांबतात. त्यामुळे केवळ दंडघेराच्या पट्टीवर विसंबलात तर पाच-सहा वर्षांची मुले हातून निसटतील. त्यांच्यासाठी बाह्यरुग्ण तपासणी आणि गोवराची साथ या दोन जागा कर्मचाऱ्यांच्या मनात स्वतंत्रपणे नोंदवून ठेवा.

आजार वेगळा ओळखण्यावर तुम्ही वर्गातला बराच वेळ देता असे पत्रावरून दिसते. गावपातळीसाठी तो कमी करावा, असे मला वाटते. किडलेल्या दाताचा गळू, त्वचेचा क्षयरोग, लेशमॅनियासिस (वाळूमाशीच्या चाव्यातून होणारा आजार), अर्बुद (गाठ) यांतले सूक्ष्म भेद हे रुग्णालयातल्या डॉक्टरांचे काम आहे. कर्मचाऱ्याला एवढे ठाऊक असले म्हणजे भागते की नोमा आतून, हिरडीपासून सुरू होतो आणि मग बाहेर येतो. बाहेरच्या कातडीवर सुरू झालेली जखम बहुधा दुसऱ्या कशाची तरी असते, आणि संशय असेल तर मूल पाठवलेलेच बरे.

आता अज्ञानाच्या गृहीतकाविषयी. तुम्हाला एक प्रश्न मनापासून विचारतो, राग मानू नये. दंतवैद्यकाच्या अभ्यासक्रमात कँक्रम ओरिस या नावाखाली हा आजार तुम्ही वाचला असेल. नायजेरियाला जाण्याआधी तुम्ही त्याचा एक तरी रुग्ण प्रत्यक्ष पाहिला होता का? जागतिक आरोग्य संघटनेने दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत नोमाचा समावेश केला तो १५ डिसेंबर २०२३ रोजी, तोही नायजेरियाच्या पुढाकाराने अनेक देशांनी मागणी केल्यानंतर. ज्या आजाराची दखल जगाच्या आरोग्यव्यवस्थेनेच इतक्या उशिरा घेतली, त्याची लक्षणे सोकोतोजवळच्या एखाद्या खेड्यातल्या कर्मचाऱ्याला ठाऊक नसतील तर तो दोष त्याचा नाही. पालक आधी पारंपरिक उपचारकाकडे जातात त्यालाही केवळ अंधश्रद्धा म्हणून भागत नाही. तो उपचारक गावातच असतो, उधारीवर औषध देतो, रात्री दार उघडतो. आरोग्य केंद्र दूर असते आणि तिथे गेल्यावर बऱ्याचदा औषध नसते. त्यात त्या भागातल्या सशस्त्र टोळ्यांमुळे रस्त्यावरचा प्रवास जिवावर बेतू शकतो. अशा परिस्थितीत आईने घेतलेला निर्णय तिच्या परीने विचारपूर्वकच असतो.

ओळखण्याची जबाबदारी आणि उपचाराचे साधन एकाच हातात दिले तर काय होऊ शकते, याचे उदाहरण आपल्याकडेच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९०च्या दशकात गावातल्या बेताच्या शिकलेल्या स्त्रियांना नवजात बाळातील जंतुसंसर्ग लक्षणांवरून ओळखायला शिकवले आणि त्यावरचे प्रतिजैविकाचे इंजेक्शनही त्यांच्या हाती दिले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या गावांतील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. या कामाचे कौतुक करताना प्रशिक्षणाचाच उल्लेख बहुतेकदा होतो. पण त्या स्त्रियांच्या पिशवीत औषध होते, त्यांच्या नोंदी नियमित तपासल्या जात होत्या आणि अडले तर विचारायला माणूस होता. यांतले काहीच नसते, तर उत्तम शिकलेल्या त्या स्त्रियाही तुमच्या त्या कर्मचाऱ्यासारख्याच हात चोळत बसल्या असत्या.

त्यामुळे पुढची तुकडी घेण्याआधी तुमच्या संस्थेकडे मागायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. प्रत्येक केंद्रात क्लोरहेक्सिडीनचे तोंड धुण्याचे औषध, जीवनसत्त्व अ, आणि अमॉक्सिसिलिन व मेट्रोनिडाझोल ही प्रतिजैविके यांचा थोडा पण खात्रीचा साठा हवा, आणि तो संपण्याआधी कोणी भरायचा हे नावानिशी ठरलेले हवे. ही औषधे दुर्मीळ नाहीत, महागही नाहीत. त्यांचे प्रमाण वजन आणि टप्प्यानुसार राष्ट्रीय मार्गदर्शिकेप्रमाणेच ठरवावे. या सदरावरून कोणीही ठरवू नये. प्रतिजैविके गावपातळीवर दिली तर त्यांचा अनाठायी वापर होईल, ही तुमच्या वरिष्ठांची भीती रास्त आहे. हिरडीच्या साध्या सुजेला प्रतिजैविक लागत नाही, तोंडाची स्वच्छता आणि पोषक आहार पुरेसा असतो, आणि प्रतिजैविकाची गरज हिरडी सडू लागल्यापासून असते, हा भेद शिकवणे हेच त्या भीतीवरचे उत्तर आहे. क्लोरहेक्सिडीन संपले असेल त्या दिवशी उकळून कोमट केलेले मिठाचे पाणी वापरायचे, आणि चूळ भरता न येणाऱ्या लहानग्याच्या हिरड्या त्या पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कापडाने अलगद पुसायच्या, हे आईलाही करता येते. तिला ते हात धरून करून दाखवावे. सांगून भागत नाही.

औषधाइतकीच महत्त्वाची आहे ती पुढची वाट. सोकोतोच्या नोमा रुग्णालयात उपचार मोफत होतात, आणि २०१४ पासून ‘डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स’ ही संस्था त्या कामाला हातभार लावत आली आहे. परंतु मोफत उपचारांपर्यंत पोहोचायला गाडीभाडे लागते, घरच्या बाकीच्या मुलांना सांभाळायला कोणी तरी लागते आणि आईला घराबाहेर राहण्याची परवानगी लागते. कर्मचाऱ्याच्या हाती एक दूरध्वनी क्रमांक, भाड्याच्या पैशाची सोय आणि ‘मी आधी फोन करून ठेवला आहे, तिथे तुमची वाट पाहत असतील’ असे आईला सांगता येण्याची खात्री, एवढे असेल तर पाठवलेले मूल पोहोचण्याची शक्यता पुष्कळ वाढते. पोहोचलेल्या मुलाची खबर त्या कर्मचाऱ्याला परत कळवण्याची पद्धतही घाला. आपण पाठवलेले मूल बरे झाले हे कळले की तो पुढच्या मुलाचा ओठ अधिक काळजीपूर्वक उचलतो.

पारंपरिक उपचारकांना बोलवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. तुमच्या सहकाऱ्यांना वाटते की त्यामुळे त्यांच्या उपचारांना मान्यता मिळेल. ही शंका क्षुल्लक नाही, म्हणून त्यांना आरोग्य कर्मचाऱ्यांच्या वर्गात मिसळू नका. त्यांच्याशी वेगळी, छोटी बैठक घ्या, शक्यतो गावातल्या मान्यवरांच्या उपस्थितीत. त्यांना औषधे शिकवायची नाहीत. दुर्गंधी, रक्ताळलेली हिरडी आणि गालाची सूज या तीन खुणा दाखवायच्या आणि अशा मुलाला काही लावण्याआधी केंद्राकडे धाडण्याची विनंती करायची. आजारामागे बाहेरची बाधा आहे असे ते म्हणाले तर त्या बैठकीत वाद घालू नये. तुमचे विधी तुम्ही करा, पण मूल आज केंद्रात पोहोचू द्या, इतक्यावर सहमती झाली तरी महत्त्वाचे दिवस वाचतात. मूल घेऊन येणाऱ्या उपचारकाला केंद्रात कोणी टाकून बोलणार नाही, याची खबरदारी मात्र तुमच्या कर्मचाऱ्यांनी घ्यायला हवी. एकदा अपमान झाला की तो माणूस पुन्हा येणार नाही.

छायाचित्रांविषयी आणखी थोडे. गँगरीनचे चित्र अजिबात दाखवू नये असे मी म्हणत नाही, एखादे पुरे. ज्या मुलाचे ते आहे त्याच्या पालकांची संमती घेतलेली असावी आणि ते चित्र कोणाच्या भ्रमणध्वनीवर जाऊ नये. बाकी सगळी चित्रे हिरड्यांची असू द्यात, निरोगी हिरडीपासून सुरुवात करून. आणि शक्य असेल तिथे चित्राच्या जागी आजारातून वाचलेला माणूस शिकवायला उभा राहू द्या. मुलिकात ओकानलावोन या नायजेरियातील स्त्रीने लहानपणी नोमा सोसला, पुढे सोकोतोच्याच रुग्णालयात काम केले आणि फिदेल स्ट्रब या बुर्किना फासोत जन्मलेल्या सहकाऱ्याबरोबर नोमातून वाचलेल्यांची संघटना उभी केली. अशा माणसांना केवळ करुणकथा सांगायला बोलवू नका. मानधन देऊन, त्यांना काय सांगायचे आहे ते विचारून, शिक्षक म्हणून बोलवा. नोमा एकाकडून दुसऱ्याला लागत नाही, स्पर्शाने होत नाही, हे वाक्य तुमच्या तोंडून शंभरदा ऐकण्यापेक्षा त्यांच्या शेजारी बसून जेवल्याने अधिक पटते. तेच वाक्य कर्मचाऱ्यांनी आईला सांगायचे आहे, आणि त्याला जोडून हेही की हे तिच्या हयगयीमुळे झालेले नाही. अनेक आया दोष लागेल या भीतीनेच मुलाचे तोंड झाकून घरी ठेवतात.

वर्गाचे स्वरूपही बदला, असे सुचवतो. मोठी तुकडी मोडून आठ-दहा जणांचे गट करा आणि वर्ग सभागृहात घेण्याऐवजी केंद्रावर, पोषण तपासणीच्या दिवशी घ्या, म्हणजे प्रत्येकाला खऱ्या मुलांचे ओठ उचलून पाहता येतील. शिकवण्याची भाषा हाऊसा, म्हणजे तिथल्या लोकांची बोली, असावी. काही आठवड्यांनी पुन्हा जाऊन त्यांना काम करताना पाहा. वरिष्ठांना आकडे हवे असतील, आणि ते मागणे चूक नाही, तर अखेरच्या चाचणीतील गुणांऐवजी किती कुपोषित मुलांची तोंडे पाहिली, किती हिरड्यांवर उपचार झाले आणि पाठवलेल्यांपैकी किती मुले खरोखर पोहोचली हे आकडे द्या. पहिल्या काही महिन्यांत रुग्णसंख्या वाढलेली दिसेल. ते अपयश नाही, आतापर्यंत न दिसलेली मुले दिसू लागल्याची ती खूण आहे, हे वरिष्ठांना आधीच लेखी कळवून ठेवा.

शेवटी शस्त्रक्रियेच्या पथकाबद्दल. पश्चिम युरोपात हा आजार एके काळी परिचयाचा होता. प्रतिजैविके येण्यापूर्वीच, अन्न आणि राहणीमान सुधारल्यावर तो तिथून जवळजवळ नाहीसा झाला, आणि दुसऱ्या महायुद्धात नाझी छळछावण्यांतल्या उपासमारीत पुन्हा उद्भवला. त्याचे मूळ भुकेत आहे. त्या मुळाशी तुमचे प्रशिक्षण पोहोचत नाही, तसे शस्त्रक्रियाही पोहोचत नाही. तरीही ज्याचा जबडा आखडून तोंड उघडत नाही त्या मुलासाठी शस्त्रक्रिया हीच पुन्हा जेवू-बोलू लागण्याची वाट असते, आणि तिथे कुशल हातांची गरज आहे हे मी नाकारत नाही. तुम्ही तिकडे जाऊ नये असे मी सांगणार नाही. मात्र शस्त्रक्रियेसाठी बाहेरून पथके येत राहतात. गावोगावच्या केंद्रांत वर्षभर टिकून राहणारे शिक्षक बाहेरून येत नाहीत, ते तिथेच तयार करावे लागतात. तुमच्या तुकड्यांमधून हाऊसा बोलणारे, शिकवण्याची आवड असलेले तीन-चार जण निवडा. तो प्रश्न विचारणारा कर्मचारी त्यांत असावा असे मला वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने नोमावर तयार केलेला मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम त्यांच्याकडून करून घ्या, काही वर्ग त्यांना तुमच्यासमोर घेऊ द्या, आणि औषधसाठा व पाठवणीची व्यवस्था त्यांच्या नावावर लावून द्या. संस्थेने साठा आणि भाड्याचे पैसे देण्यास नकार दिला, तर सगळ्या केंद्रांत पोकळ वर्ग घेण्याऐवजी जिथे ही सोय होऊ शकते अशी दोन-तीन केंद्रे मागून घ्या आणि तिथे हे काम नीट करून दाखवा. एवढे मार्गी लागल्यावर तुम्ही शस्त्रक्रियेच्या पथकात गेलात तरी इथले काम थांबणार नाही. तिथेही भरत आलेल्या जखमेच्या मुलांना जबडा आखडू नये म्हणून तोंड उघडण्याचे व्यायाम शिकवायला माणसे लागतातच.